उमेदवारी आधी की मुशाफिरी?

सोलापूरच्या नवी पेठेत, चाटी गल्लीत अथवा सराफ बाजारात ज्यांची दुकाने आहेत, अशा घरांतील मुलामुलींचे बी.कॉम.चे शेवटचे वर्ष आले की पूर्वी एकच प्रश्न असे : सी.ए.च्या मार्गाला लागायचे की सरळ गादीवर बसायचे? आता त्यात तिसऱ्या वाटेची भर पडली आहे. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन या दोन देशांनी भारतीय तरुणांना ठरावीक मुदतीसाठी तिकडे राहून, मिळेल ते काम करून, देश पाहण्याची मुभा दिली आहे. ‘वर्किंग हॉलिडे’ या नावाने ती ओळखली जाते. अभ्यासक्रमाने लावून दिलेली इंटर्नशिप एकीकडे आणि ही कमावती मुशाफिरी दुसरीकडे. घरात चर्चा सुरू झाली की दोन्ही गोष्टी ‘अनुभव’ या एकाच शब्दाखाली घातल्या जातात आणि घोटाळा तेथेच सुरू होतो.

वास्तविक दोहोंची जात निराळी आहे. इंटर्नशिपमध्ये काम हा शिक्षणाचाच भाग असतो. कोणीतरी शिकवणारा असतो, कोणीतरी तपासणारा असतो आणि अखेरीस श्रेयांक किंवा पात्रता पदरात पडते. वर्किंग हॉलिडेमध्ये काम हे प्रवासाचा खर्च भागवण्याचे साधन असते. मालकाला माणूस हवा असतो, शिष्य नको असतो. तेथे शिकायला मिळत नाही असे नव्हे, पुष्कळ मिळते. परंतु काय शिकायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते आणि त्याचे प्रमाणपत्र कोणी देत नाही.

शिकाऊपणासाठी मराठीत एक जुना आणि नेमका शब्द आहे, ‘उमेदवारी’. निवडणुकांनी तो पळवून नेला, ही गोष्ट वेगळी. व्यापारी घरांत मुलाला उमेदवारीसाठी मुद्दाम दुसऱ्याच्या पेढीवर ठेवण्याची चाल होती. आपल्या दुकानात तो नोकरांचा ‘धाकटा शेठ’. चुकला तरी त्याला कोणी बोलत नाही. दुसऱ्याच्या पेढीवर आधी झाडलोट, मग गाठोडी सोडणे, मग दिवाणजींच्या शेजारी बसून रोजकीर्द लिहिणे आणि सर्वांत शेवटी वसुलीला जाणे, अशा पायऱ्या चढाव्या लागत. उधारी मागायला गेलेल्या मुलाला माणसांची जी पारख होते, ती कोणत्याही वर्गात बसून होत नाही.

सोलापूरचेच सुपुत्र वालचंद हिराचंद यांचे उदाहरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी येथील दिगंबर जैन दोशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. महाविद्यालयीन शिक्षण अर्ध्यावर सोडून ते घरच्या व्यापारात आले, पण त्यात त्यांचे मन रमले नाही. त्यांनी लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी केली. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. ठेकेदारीचे काम त्यांना आतून ठाऊक होते. बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका ही या भागीदारीची सुरुवात. म्हणजे शेठजींच्या मुलाने व्यवसायाचे पहिले धडे एका माजी कारकुनाच्या सोबतीने, घरापासून हाकेच्या अंतरावर, बार्शीच्या मातीत गिरवले. भोर घाटातील बोगदे, जहाजे, विमाने, साखर, मोटारी हे सारे नंतरचे. सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली, तेव्हा वालचंदशेठ छत्तीस वर्षांचे होते. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. आधी बार्शी, मग लंडन, हा क्रम येथे लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आजची उमेदवारी कशी आहे? नव्या शैक्षणिक धोरणाने पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाला श्रेयांक दिले आहेत. एका श्रेयांकाला तीस तास या हिशेबाने चार श्रेयांकांचे ‘ऑन द जॉब ट्रेनिंग’ म्हणजे १२० तासांचे काम. योजना उत्तम आहे. पण व्यापारी घरांत तिचे काय होते, हे स्पष्ट बोलायला हवे. मामाच्या फर्मचा शिक्का, काकांची सही आणि इंटरनेटवरून उतरवलेला अहवाल एवढ्यावर पुष्कळदा काम भागते. मुलगा १२० तासांपैकी बारा तासही त्या फर्ममध्ये नसतो. महाविद्यालयाला कागद मिळतो, मुलाला गुण मिळतात आणि कुटुंब स्वतःलाच फसवते. ज्या समाजात खातेवही ही पूजेची वस्तू मानली जाते, त्या समाजातील मुलाने आपल्या कारकिर्दीची पहिली नोंद खोटी करावी, याचे वडीलधाऱ्यांना काहीच वाटू नये, हे आश्चर्य आहे. हेच १२० तास दुसऱ्या पेठेतील, नातेसंबंध नसलेल्या एखाद्या कापड व्यापाऱ्याकडे, चादरीच्या किंवा गणवेशाच्या कारखान्यात, अथवा करसल्लागाराच्या कचेरीत खरोखर काढले, तर माल कसा भरतात, परत आलेल्या मालाची नोंद कशी होते आणि जीएसटीचे विवरणपत्र का अडकते, हे पंधरवड्यात समजते.

खरी कठोर उमेदवारी आजही एकच उरली आहे, ती सी.ए.ची आर्टिकलशिप. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेनुसार इंटरमीडिएटचे दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावर दोन वर्षांचे प्रशिक्षण घ्यावे लागते; पूर्वी ते तीन वर्षांचे होते. रजा वर्षाला बाराच. प्रशिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी अंतिम परीक्षेला बसता येते. या चौकटीत मध्येच वर्षभर परदेशी जाऊन येणे शक्य नाही. जाणारा गेला, तर प्रशिक्षण तुटते. अभ्यासाची लय तुटते ती वेगळीच, आणि एकदा तुटलेली ती लय पुन्हा जुळवणे फार जणांना जमलेले नाही.

आर्टिकलशिप सोलापुरात करावी की पुण्या-मुंबईस, यावरही घरोघरी वाद होतात. मोठ्या शहरातील मोठ्या फर्ममध्ये नामांकित कंपनीचे काम पाहायला मिळते खरे, पण वाट्याला बहुधा एका प्रचंड कामाचा एक तुकडा येतो. सोलापुरातील फर्ममध्ये तोच मुलगा सकाळी पतसंस्थेचे लेखापरीक्षण, दुपारी साखर कारखान्याचा साठा आणि संध्याकाळी टॉवेल निर्यातदाराची कागदपत्रे हाताळतो. ज्याला पुढे घरचाच व्यवसाय वाढवायचा आहे, त्याला दुसरा अनुभव अधिक उपयोगी. ज्याला नोकरीच करायची आहे, त्याने पुणे गाठावे.

शासकीय योजनाही आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत मोठ्या कंपन्यांत बारा महिने, दरमहा ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकदाच ६,००० रुपये मिळतात. परंतु वय २१ ते २४ आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत, अशी अट असल्याने बऱ्याच व्यापारी घरांना ती लागू पडत नाही. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १०,००० रुपयांचे विद्यावेतन ठरले होते. मुदत आधी सहा महिने होती, नंतर ती अकरा महिने झाली.

आता मुशाफिरीकडे वळू. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील व्यापार करारावर २ एप्रिल २०२२ रोजी सह्या झाल्या आणि २९ डिसेंबर २०२२ पासून तो अमलात आला. डाळी, वाइन, कापड यांच्या आयातशुल्काच्या गर्दीत त्यात तरुणांसाठी एक छोटी सोय होती : दरवर्षी १,००० भारतीयांना ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची पहिली सोडत निघाली. नोंदणीशुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. पहिल्याच पंधरवड्यात सुमारे ४०,००० जणांनी नावे नोंदवली. हजार जागांना चाळीस हजार नावे, म्हणजे चाळिसात एक. हे प्रमाण पाहता या व्हिसाच्या भरवशावर पुढील वर्षाची आखणी करणे म्हणजे लॉटरीच्या तिकिटावर दुकानाची मालखरेदी करण्यासारखे आहे.

वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचे पूर्ण केलेले शिक्षण, कामापुरते इंग्रजी आणि खर्चासाठी सुमारे ५,००० डॉलर जवळ असल्याचा पुरावा, या प्रमुख अटी. मुदत बारा महिने. सोबत मुले नेता येत नाहीत. अभ्यासक्रम करायचा तर चार महिन्यांपर्यंतच. सर्वांत महत्त्वाची अट अशी की, एका मालकाकडे सर्वसाधारणपणे सहा महिन्यांपेक्षा अधिक काम करता येत नाही. बी.कॉम. झालेल्या मुलामुलींना वाटते की सिडनीच्या एखाद्या अकाउंटिंग कंपनीत आपण रुजू होऊ. सहा महिन्यांत सोडून जाणाऱ्याला हिशेबाचे काम शिकवण्याची तसदी कोण घेईल? म्हणून वाट्याला येतात ती कामे हॉटेलातील, फळबागेतील, गोदामातील किंवा कॅफेतील.

ब्रिटनची योजना थोडी निराळी आहे. ‘यंग प्रोफेशनल्स स्कीम’ असे तिचे नाव. ती फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. वर्षाला ३,००० जागा, वय १८ ते ३०, पदवी आवश्यक आणि मुदत दोन वर्षे. तेथेही सोडतच आहे, पण तिच्यात नाव घालायला पैसे पडत नाहीत. निवड झाल्यास नव्वद दिवसांत अर्ज करावा लागतो. खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस शिल्लक असावे लागतात. तिकडची आरोग्यसेवा वापरण्याचा आकार वर्षाला ७७६ पौंड, म्हणजे दोन वर्षांचे १,५५२ पौंड आधीच भरावे लागतात. व्हिसाचे सुमारे ३०० पौंड वेगळे. मुदत वाढवून मिळत नाही. मात्र जवळजवळ कोणतीही नोकरी करता येते आणि काही मर्यादा पाळून स्वतःचा छोटा व्यवसायही करता येतो : स्वतःच्या मालकीची जागा नको, नोकर नकोत आणि साधनसामग्री ५,००० पौंडांच्या आतली. वाणिज्य पदवीधराला, विशेषतः सी.ए. झालेल्या मुलामुलींना, ऑस्ट्रेलियापेक्षा ही योजना सरस ठरते. दोन वर्षे हाती असली की कचेरीतील मालकही माणूस ठेवून घ्यायला तयार होतो.

हिशेबाची बाजू पाहू. ऑस्ट्रेलियातील किमान वेतन १ जुलै २०२५ पासून तासाला २४.९५ डॉलर आहे. आठवड्याला ३८ तास काम मिळाले तर ९४८ डॉलर होतात. अशा व्हिसाधारकाला पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर लागतो. तो वजा जाता ८०६ डॉलर उरतात. एका डॉलरला ५५ रुपये धरले तरी आठवड्याला ४४,००० रुपये! आकडा ऐकून नवी पेठेतील कोणाचेही डोळे विस्फारतील. पण याच ८०६ डॉलरमधून तिकडचे घरभाडे, जेवण, प्रवास आणि काम नसलेले आठवडे भागवायचे असतात. फळतोडणीचा हंगाम संपला की काम थांबते; पाऊस पडला की त्या दिवशी मजुरी नाही. मालक वेतनाच्या १२ टक्के रक्कम निवृत्तिनिधीत भरतो. देश सोडताना ती परत मागता येते, परंतु तिच्यावर ६५ टक्के कर कापला जातो. शंभर डॉलर जमा असतील तर हाती पस्तीस.

जाण्यापूर्वीचा खर्च याहून निश्चित आहे. ५,००० डॉलर म्हणजे पावणेतीन लाख रुपये. त्यावर व्हिसाचे शुल्क, विमान आणि विमा. यासाठी शैक्षणिक कर्ज मिळत नाही, कारण बँक ते मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या प्रवेशावर देते आणि येथे प्रवेशच नसतो. त्यामुळे शैक्षणिक कर्जावरील व्याजाची करसवलत वगैरे गोष्टीही उद्भवत नाहीत. काही जण यासाठी वैयक्तिक कर्ज काढतात किंवा दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून पैसे उचलतात. दुसरा प्रकार तर निश्चितच चुकीचा. ते खाते मालासाठी आहे, मुशाफिरीसाठी नाही. घरात तेवढी बचत मोकळी नसेल तर हा विषय त्या वर्षापुरता बाजूला ठेवणे बरे.

आणखी एक बारकावा. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला, तर आयकराच्या दृष्टीने तो अनिवासी ठरतो. सप्टेंबर संपण्यापूर्वी निघालेला आणि डिसेंबरात निघालेला यांच्या करहिशेबात म्हणूनच फरक पडतो. डिसेंबरात गेलेल्याला तिकडची मार्चपर्यंतची कमाई इकडच्या विवरणपत्रात दाखवावी लागू शकते. बचत खातेही एनआरओ करून घ्यावे लागते. घरच्या भागीदारी फर्ममध्ये मुलाचे नाव असेल तर आधी सी.ए.चा सल्ला घ्यावा.

पैशापेक्षा नाजूक प्रश्न कामाच्या स्वरूपाचा आहे. ऑस्ट्रेलियात पहिले वर्ष संपल्यावर दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल, तर दूरच्या नेमून दिलेल्या भागांत तीन महिने विशिष्ट कामे करावी लागतात. त्या यादीत शेती आणि पशुपालन, मासेमारी, वनीकरण, बांधकाम, पर्यटन अशी सदरे आहेत. पशुपालनाच्या सदरात कत्तलखान्यातील काम आणि कातडी कमावणेही मोडते. शास्त्रकारांनी श्रावकाला वर्ज्य सांगितलेली पंधरा कर्मादाने समोर ठेवली, तर यांतील कितीतरी कामे त्यात बसतात. हॉटेलात काम घेतले तरी मद्य वाढणे आणि स्वयंपाकघरात मांस हाताळणे हे ओघाने आलेच. तरुणाने सारेच नाकारावे लागते असे नाही. फळे वेचणे, फळांची प्रतवारी आणि बांधणी, हॉटेलातील नोंदणी कक्ष, दुकानातील विक्री ही कामेही मिळतात. मात्र ‘हे काम मी करणार नाही’ अशी यादी घरून निघण्यापूर्वीच केलेली असावी. खिशात शंभर डॉलर उरलेले असताना परक्या गावात ती यादी करता येत नाही.

चौविहार पाळणाऱ्यांसाठी तर ऋतूही पाहावा लागतो. डिसेंबरात लंडनमध्ये दुपारी चारच्या आधीच सूर्यास्त होतो आणि जूनमध्ये रात्री नऊनंतर. पाच वाजता सुटणाऱ्या नोकरीत हिवाळाभर काय करायचे, हे तेथे राहणाऱ्या साधर्मिकांना आधीच विचारून ठेवलेले बरे. लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बार येथे ओसवाल समाजाचे मोठे देरासर आहे. लेस्टरमध्येही देरासर आहे. तेथे ओळख निघते, क्वचित खोलीही मिळते.

मग निवड कशी करावी? दोन्ही वाटांच्या मुदती शेजारी शेजारी मांडल्या तर उत्तर बरेचसे आपोआप निघते. आर्टिकलशिप आणि इंटर्नशिप वेळेला बांधलेल्या आहेत. इंटर उत्तीर्ण झाल्यावर दिवस वाया घालवण्यात अर्थ नाही. मुशाफिरीचे दार तिशीपर्यंत उघडे असते. एकवीस वर्षांचा मुलगा आर्टिकलशिप आणि अंतिम परीक्षा पुरी करून पंचविसाव्या वर्षी सोडतीत नाव घालू शकतो. तोवर त्याच्याकडे पदवी असते, थोडीफार स्वतःची बचत असते आणि परदेशातील मालकाला दाखवण्याजोगे काही हातात असते. ब्रिटनच्या योजनेत तर दोन वर्षे एकदाच मिळतात. ती कपबशा विसळण्यात घालवायची की लेखापरीक्षणात, हे आधीच्या उमेदवारीवर ठरते.

याला अपवाद आहेत. ज्या मुलाचे मन हिशेबात मुळीच नाही, ज्याने दोनदा इंटर देऊन पाहिली आहे आणि जो केवळ वडिलांच्या भिडेने तिसऱ्यांदा बसतो आहे, त्याला वर्षभर बाहेर जाऊ द्यावे. स्वतःचे भाडे स्वतः भरणे, मालकाच्या घड्याळाप्रमाणे उठणे, आपले ताट आपण घासणे हे त्याला गादीवर कोणी शिकवणार नाही. तो परत येऊन कदाचित चांगला दुकानदार होईल, कदाचित हॉटेल काढेल.

मुलींच्या बाबतीत घरे अजून कचरतात. सी.ए.ला घालायला हरकत नसते, पुण्याला वसतिगृहात ठेवायलाही नसते. परदेशातील एका वर्षाचा विषय निघाला की ‘स्थळे पाहायची आहेत’ हे उत्तर तयार असते. सोडतीत मुलगा-मुलगी असा भेद नाही, वयोमर्यादा दोघांना सारखीच. मुलाची पंचविशी व्यवसायाची आणि मुलीची पंचविशी लग्नाची, हा हिशेब घरानेच मांडलेला आहे, तेव्हा तो बदलायचा तर घरालाच बदलावा लागेल. सी.ए. झालेल्या मुलीला ब्रिटनची दोन वर्षे मिळाली, तर ती तिच्या सासरच्या व्यवसायालाही उपयोगीच पडतील.

एका गोष्टीची सावधगिरी सर्वांनीच बाळगावी. सोडत संगणक काढतो. ‘आमच्यामार्फत भरलात तर नंबर नक्की लागेल’ असे सांगणारा कोणी भेटला, तर त्याला दुकानाच्या पायरीवरूनच नमस्कार करावा. दोन्ही देशांचे अर्ज त्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर स्वतः भरता येतात. ब्रिटनची सोडत साधारणतः फेब्रुवारी आणि जुलैमध्ये दोन-तीन दिवसांपुरतीच खुली होते. फेब्रुवारीत नवी पेठेत लगीनसराईची खरेदी जोरात असते, जुलैत परीक्षांचे निकाल लागत असतात. त्या गडबडीत तारीख निघून गेल्याचे कळते तेव्हा पुढची सोडत सहा महिन्यांवर गेलेली असते. पासपोर्ट मात्र आजच काढून ठेवावा. त्यावरील नाव आणि पदवीच्या प्रमाणपत्रावरील नाव यांत वडिलांचे नाव, आडनाव यांचा क्रम जुळतो की नाही, हे त्याच दिवशी पाहून घ्यावे.